हरिकेन आणि सुरक्षित वसतिस्थान

उत्तर अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात व पूर्व पॅसिफिक महासागर यांत उद्‌भवणाऱ्या तीव्र उष्ण कटिबंधीय चक्री वादळास हरिकेन म्हणतात. अशाच वादळास वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून आणि हिंदी महासागरात चक्रीवादळ वा सायक्लोन ही नावे आहेत. हरिकेन हा शब्द वेस्ट इंडीजमधील टायनो या आदिवासींच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये व तेथून इंग्रजीत आला. प्रस्तुत नोंदीत हरिकेनपासून मनुष्यवस्तीस होणारा धोका, तो विचारात घेऊन करावयाची वसतिस्थानाची निवड व प्रत्यक्ष वादळप्रसंगी घ्यावयाची खबरदारी यांचा विचार केला आहे.

स्वरूप व वर्गीकरण : हरिकेनच्या निर्मितीस सु. २६·५° से. पेक्षा अधिक तापमानाचे समुद्रजल, वातावरणाच्या खालच्या थरांतील भरपूर आर्द्रता, पृथ्वीच्या परिवलनामुळे मिळणारी वळणप्रेरणा आणि निरनिराळ्या उंचींवरील वाऱ्यांच्या वेगांत व दिशांत फारसा फरक नसणे, या गोष्टी आवश्यक असतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ वळणप्रेरणा क्षीण असल्याने तेथे अशी वादळे सहसा निर्माण होत नाहीत. समुद्रावरून उचललेल्या बाष्पाचे संद्रवण होताना मुक्त होणारी उष्णता हे वादळाचे इंधन होय. त्यामुळे जमिनीवर आल्यावर वादळ क्षीण होत जाते. अटलांटिकमधील वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात. सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्याचा जोर सर्वाधिक असतो.

वादळातील वाऱ्याचा सातत्यपूर्ण वेग ताशी ११९ किमी. वा अधिक झाला म्हणजे त्यास हरिकेन ही संज्ञा देतात. हर्बर्ट सॅफिर हे अभियंता व रॉबर्ट सिम्पसन हे वातावरणवैज्ञानिक यांनी तयार केलेल्या श्रेणीनुसार हरिकेनचे पाच वर्ग करतात. तिसऱ्या वर्गापासून पुढील, म्हणजे ताशी १७८ किमी. वा त्याहून अधिक वेगाच्या वादळास प्रमुख हरिकेन म्हणतात. पाचव्या वर्गात हा वेग ताशी २५२ किमी. वा अधिक असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाल्यास भिंतीवर व छपरावर येणारा भार चौपट होतो. ही श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावर आधारलेली आहे. समुद्राचे पाणी किती चढेल किंवा पाऊस किती पडेल, हे तिच्यावरून कळत नाही. पहिल्या वर्गाचे वादळ म्हणजे सौम्य वादळ अशी समजूत करून घेतल्यामुळे अनेकांनी प्राण गमावले आहेत.

हानीची कारणे : हरिकेनचे नाव घेताच प्रचंड वारा डोळ्यांपुढे येतो परंतु मनुष्यहानीचे मुख्य कारण पाणी हे आहे. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) अशा वादळांनी प्रत्यक्षपणे घडवून आणलेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे वादळी उधाणामुळे आणि सु. एकचतुर्थांश पावसाच्या पुरामुळे झाले. वाऱ्यामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते.

वादळी उधाण म्हणजे वाऱ्याच्या रेट्याने किनाऱ्याकडे लोटला जाऊन साचलेला पाण्याचा फुगवटा होय. उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगास वाऱ्याचा वेग व वादळाची पुढे सरकण्याची गती यांची बेरीज होते. म्हणून त्या बाजूस उधाण अधिक चढते. किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ असल्यास, किंवा उपसागर आत निमुळता होत गेला असल्यास ते आणखी उंचावते. मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा अशा उथळ समुद्राचा आहे. तेथे मिसिसिपी राज्यातील पास क्रिस्टिअन या गावी १९६९ च्या कॅमिल हरिकेनमध्ये पाणी सु. ७·५ मी. व २००५ च्या कट्रिना हरिकेनमध्ये सु. ८·५ मी. चढले. एक घ. मी. पाण्याचे वजन सु. एक टन असते. असे पाणी लाटांसह आदळू लागल्यावर सामान्य बांधणीचे घर टिकत नाही.

अतिवृष्टीचा धोका किनाऱ्यापुरता मर्यादित नसतो. २०१७ मध्ये हार्वी हरिकेन टेक्ससच्या किनाऱ्यावर येऊन रेंगाळले आणि नेडरलँड गावाजवळ सु. १,५३९ मिमी. पावसाची नोंद झाली. डोंगराळ प्रदेशात अतिवृष्टीमुळे दरडी कोसळतात. १९९८ च्या मिच हरिकेनमध्ये निकाराग्वातील कासिता ज्वालामुखीचा उतार ढासळून चिखलाच्या लोंढ्याखाली अनेक वस्त्या गाडल्या गेल्या. त्या वादळाने मध्य अमेरिकेत ११ हजारांहून अधिक बळी घेतले.

वसाहतींचे ऐतिहासिक अनुभव : आपत्तीनंतर तेथेच राहावयाचे की अन्यत्र जावयाचे, या प्रश्नास निरनिराळ्या नगरांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. टेक्ससमधील मॅटगोर्डा उपसागरावरील इंडिअनोला हे एकोणिसाव्या शतकातील भरभराटीचे बंदर होते. १८७५ च्या हरिकेनने त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. काहींनी ते पुन्हा उभारले. तथापि १८८६ च्या वादळानंतर ते कायमचे सोडून देण्यात आले.

त्याच राज्यातील गॅल्व्हस्टन हे नगर एका सखल, वालुकामय बेटावर वसले आहे. १९०० पूर्वी तेथील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून तीन मी. पेक्षा कमी उंचीवर होती. इंडिअनोलाच्या विनाशानंतर गॅल्व्हस्टनला संरक्षक भिंत बांधण्याची सूचना पुढे आली होती परंतु ती अंमलात आली नाही. तेथील शासकीय वेधशाळेचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात अशी भीती निराधार असल्याचे मत मांडले होते. ८ सप्टेंबर १९०० रोजी आलेल्या हरिकेनमध्ये साडेचार मी. हून अधिक उंचीचे पाणी बेटावर चढले आणि सु. ८,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यांत क्लाइन यांची पत्नीही होती. अ. सं. सं. च्या इतिहासातील ही सर्वाधिक मनुष्यहानीची नैसर्गिक आपत्ती होय. त्यानंतर नगराने समुद्राच्या बाजूस सु. ५ मी. उंचीची भिंत बांधली. तसेच १९०३ ते १९११ या काळात दोन हजारांहून अधिक इमारती जॅकच्या साहाय्याने उचलून त्यांखाली वाळूचा भराव घातला. १९१५ मधील हरिकेनमध्ये या भिंतीमुळे नगर बचावले. तथापि बंदराचा व्यापार व लोकवस्तीची वाढ यांचा ओघ आतील ह्यूस्टनकडे वळला. पुढे ह्यूस्टनलाही सुरक्षितता लाभली असे नाही. तेथील पूरनियंत्रणासाठी १९४० च्या दशकात बांधलेल्या ॲडिक्स व बार्कर या जलाशयांच्या परिसरात नंतरच्या काळात घरे उभी राहिली आणि २०१७ च्या हार्वी हरिकेनमध्ये त्यांपैकी अनेक घरे पाण्याखाली गेली.

ब्रिटिश होंडुरस (१९७३ पासून बेलीझ) या देशाने राजधानीच हलविण्याचा मार्ग पत्करला. सागरकिनारी, जवळजवळ समुद्रसपाटीवर वसलेल्या बेलीझ सिटीत १९३१ च्या हरिकेनने सु. २,५०० बळी घेतले. ऑक्टोबर १९६१ मधील हॅटी हरिकेनने नगराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त केला. तेव्हा किनाऱ्यापासून सु. ८० किमी. आत बेल्मोपान हे नवे नगर वसवून १९७० मध्ये शासन तेथे हलविण्यात आले. परंतु व्यापार, बंदर व रोजगार जुन्या नगरातच राहिल्याने देशातील सर्वांत मोठे शहर आजही बेलीझ सिटी हेच आहे. सुरक्षित जमीन उपलब्ध करून देणे पुरेसे नसते. उपजीविकेचे साधनही तेथे न्यावे लागते, हा या प्रयोगाचा बोध होय.

न्यू ऑर्लीअन्स नगराचा इतिहास याच्या उलट दिशेचा आहे. अठराव्या शतकातील मूळ वस्ती मिसिसिपी नदीने गाळ टाकून तयार केलेल्या नैसर्गिक उंचवट्यावर होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शक्तिशाली पंपांच्या साहाय्याने मागील दलदल कोरडी करण्यात आली व तेथे दाट वस्ती झाली. पाणी काढून घेतल्याने ती जमीन खचत गेली आणि नगराचा सु. अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खाली गेला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रिना हरिकेनच्या वेळी कालव्यांच्या संरक्षक भिंती अनेक ठिकाणी फुटल्या व नगराचा सु. ८०% भाग जलमय झाला. नदीकाठचा जुना भाग मात्र बहुतांशी कोरडा राहिला. या वादळातील एकूण मृतांची संख्या प्रथम १,८०० हून अधिक मानली गेली; पुढे फेरतपासणीनंतर ती सु. १,४०० ठरविण्यात आली. लुइझिअ‍ॅना राज्यातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे लोक पंचाहत्तर वा त्याहून अधिक वयाचे होते.

वसतिस्थानाची निवड : वरील अनुभवांवरून वसतिस्थान निवडताना ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी निश्चित करता येतात. पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमिनीची उंची. किनाऱ्यापासूनचे अंतर हे उंचीइतके विश्वसनीय माप नाही कारण सपाट प्रदेशात उधाणाचे पाणी कित्येक किमी. आत शिरते. उलट किनाऱ्याजवळच्या उंच टेकाडावर ते पोहोचत नाही. किनाऱ्यासमोरील वाळूची अरुंद बेटे मुळातच अस्थिर असतात. वादळात त्यांना नवी खिंडारे पडतात, पूल व रस्ते वाहून जातात आणि बाहेर पडण्याचा मार्गच खुंटतो.

दुसरी गोष्ट नदीनाल्यांची. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन हरिकेन फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आले परंतु त्याचा मोठा आघात समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागावर झाला. तेथील ॲशव्हिल हे डोंगरातील नगर सुरक्षित आश्रयस्थान मानले जात होते. अतिवृष्टीमुळे त्याच्या परिसरातील नद्यांनी १९१६ च्या महापुराच्या पातळ्याही ओलांडल्या. नदीकाठची सपाट जमीन ही नदीनेच घडविलेली असते व केव्हातरी नदी ती परत मागते, हे सूत्र डोंगराळ प्रदेशातही लागू पडते. दरीच्या तोंडाशी किंवा ठिसूळ उतारावर घर बांधणे हेही तितकेच धोक्याचे होय.

तिसरी गोष्ट संभाव्यतेचे नकाशे वाचण्याची. अ. सं. सं. मध्ये १९६८ च्या कायद्यान्वये पूरविम्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली व त्यासाठी पूरक्षेत्रांचे नकाशे तयार झाले. त्यांतील ‘शतवार्षिक पूर’ या संज्ञेने पुष्कळ गैरसमज झाला आहे. असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो असा तिचा अर्थ नाही; तो कोणत्याही एका वर्षी येण्याची संभाव्यता १% असते, एवढाच तिचा अर्थ आहे. या हिशेबाने गृहकर्जाच्या तीस वर्षांच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची संभाव्यता सु. २६% ठरते. म्हणजे चारांपैकी एका घराला तो पाहावा लागेल. शिवाय नकाशातील रेषेच्या पलीकडे धोका शून्य होत नाही, तो केवळ कमी होतो.

चौथी गोष्ट बांध व भिंतींवरील विश्वासाची. बांधामुळे लहान पूर टळतात परंतु त्यामुळेच मागील सखल भागात वस्ती वाढते आणि बांध फुटल्यास हानी अनेक पटींनी अधिक होते. फ्लॉरिडातील ओकीचोबी सरोवराभोवतीचा मातीचा बांध १९२८ च्या हरिकेनमध्ये फुटून किमान २,५०० लोक बुडाले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. न्यू ऑर्लीअन्सभोवती कट्रिनानंतर उभारलेली नवी संरक्षणव्यवस्था २०२१ च्या आयडा हरिकेनमध्ये टिकली ही गोष्टही नोंदविली पाहिजे. मात्र त्या वेळी वीजपुरवठा कोलमडून उष्म्यामुळे मृत्यू घडले. त्याच वादळाच्या अवशेषाने न्यूयॉर्क नगरात अतिवृष्टी होऊन तळघरांतील खोल्यांत राहणारे रहिवासी बुडाले. तेव्हा घर कोठे आहे याबरोबरच घरातील आपली खोली कोणत्या पातळीवर आहे, हाही प्रश्न विचारावा लागतो.

इमारतीची बांधणी : योग्य जागी बांधलेले घरही वाऱ्यापुढे टिकावे लागते. २४ ऑगस्ट १९९२ रोजी दक्षिण फ्लॉरिडावर आलेल्या अँड्रू हरिकेनमध्ये होमस्टेड व आसपासच्या भागांतील हजारो घरे मोडली. छपराच्या फळ्या अपुऱ्या खिळ्यांनी जोडणे, त्रिकोणी कडभिंतींना आधार नसणे व बांधकामाची तपासणी ढिली असणे, हे दोष तेव्हा उघड झाले. खिडकी वा मोठे दार फुटून वारा आत शिरला म्हणजे आतून वर रेटणारा दाब व बाहेरून होणारे शोषण यांमुळे छप्पर उचलले जाते. म्हणून छपरापासून पायापर्यंत सर्व भाग धातूच्या पट्ट्यांनी सलग जोडणे, चारही बाजूंनी उतरते छप्पर घालणे आणि दारे-खिडक्यांना मजबूत झडपा बसविणे, हे उपाय आवश्यक ठरतात. फ्लॉरिडात २००२ पासून राज्यव्यापी बांधकामसंहिता लागू झाली. तिच्यानुसार बांधलेली घरे पुढील वादळांत तुलनेने चांगली टिकल्याचे आढळले आहे. उधाणाच्या क्षेत्रात घर खोल रोवलेल्या खांबांवर उचलून बांधतात व खालचा भाग पाण्याला वाट मिळावी म्हणून मोकळा ठेवतात. यामुळे मालमत्ता वाचू शकते; परंतु त्या घरात राहून वादळाला तोंड देणे सुरक्षित ठरत नाही.

पूर्वसूचना व स्थलांतर : हवानातील बेलेन वेधशाळेचे जेझुइट धर्मोपदेशक बेनितो व्हिन्येस यांनी १८७५ मध्ये हरिकेनची पूर्वसूचना प्रसिद्ध केली. या क्षेत्रातील हा आरंभीचा प्रयत्न होय. आज अटलांटिकमधील वादळांचे अंदाज मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र देते. वादळी वारे सुरू होण्याच्या सु. ४८ तास आधी दक्षतेचा व ३६ तास आधी धोक्याचा इशारा देण्यात येतो. नकाशावर दाखविलेला शंकू हा वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग असतो, त्याच्या परिणामाची सीमा नव्हे. शंकूबाहेरील भागातही उधाण व अतिवृष्टी होऊ शकते.

घर सोडावे की नाही, याचा निर्णय प्रामुख्याने पाण्यावरून करावा असे तज्ञ सांगतात. उधाण वा पूर यांच्या क्षेत्रात राहणाऱ्यांनी, तसेच फिरत्या वा कच्च्या घरांत राहणाऱ्यांनी वेळीच बाहेर पडावे. उंच जागी भक्कम घर असणाऱ्यांनी आतील, खिडक्या नसलेल्या खोलीत थांबावे व रस्ते इतरांसाठी मोकळे ठेवावेत. २००५ च्या रीटा हरिकेनपूर्वी ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकाच वेळी निघाल्याने रस्ते तुंबले आणि उष्मा, अपघात व एका बसला लागलेली आग यांत शंभराहून अधिक लोक दगावले. बाहेर पडताना फार दूर जाणे आवश्यक नसते. उधाणाच्या क्षेत्राबाहेरील उंच जागी असलेला नातेवाइकांचा निवारा अनेकदा पुरेसा होतो.

पूर्वीच्या वादळातून सुखरूप वाचल्याचा अनुभव काही वेळा घातक ठरतो. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये जेथपर्यंत पाणी आले नव्हते तेथे ते पुढेही येणार नाही, या समजुतीने २००५ मध्ये अनेक जण घरीच राहिले व बुडाले. वादळाचा मध्य, म्हणजे ‘डोळा’, डोक्यावर असता वारा पडतो व आकाशही दिसू लागते. १९२६ मध्ये मायामीत अनेक लोक वादळ संपले असे समजून या वेळी घराबाहेर पडले आणि उलट दिशेने आलेल्या वाऱ्यात सापडले. वादळ ओसरल्यावरही धोका संपत नाही. बंद जागेत जनित्र चालविल्याने होणारी विषबाधा, तुटलेल्या विजेच्या तारा व औषधोपचारांतील खंड यांमुळे मृत्यू ओढवतात. २०१७ च्या मारिया हरिकेननंतर प्वेर्त रीकोमध्ये नेहमीपेक्षा सु. ३,००० मृत्यू अधिक झाल्याचा अंदाज करण्यात आला. त्यांपैकी बहुसंख्य दीर्घकाळ वीज, पाणी व रुग्णसेवा नसल्याच्या काळातील होते.

क्यूबाने १९६३ च्या फ्लोरा हरिकेननंतर नागरी संरक्षणाची व्यवस्था उभारली. वस्तीवस्तीतील वृद्ध व आजारी व्यक्तींची माहिती आधीच तयार ठेवणे, डॉक्टरांसह निवाऱ्यांची सोय करणे, गुरे व घरसामानही हलविणे, यांमुळे लोक घर सोडण्यास तयार होतात आणि मोठ्या वादळांतही तेथील मनुष्यहानी पुष्कळ अंशी मर्यादित राहिली आहे.

पुनर्वसन व सामाजिक प्रश्न : सुरक्षित जागा निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. सखल व स्वस्त जमिनीवर बहुधा गरिबांचीच वस्ती होते. २०१९ च्या डोरियन हरिकेनने बहामातील ग्रेट ॲबाको बेटावर हैतीहून आलेल्या मजुरांची ‘द मड’ ही झोपडवस्ती पूर्णपणे पुसून टाकली. न्यू ऑर्लीअन्समध्ये मागे राहिलेल्यांपैकी अनेकांकडे वाहन नव्हते. म्हणून हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या सुज्ञपणाचा नसून शासनाच्या भूमिधोरणाचाही आहे. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्क राज्याने स्टेटन आयलंडवरील ओकवुड बीच येथील घरे विकत घेऊन ती जमीन पुन्हा निसर्गाच्या स्वाधीन केली. लुइझिअ‍ॅनातील आयल द जाँ शार्ल या बेटाची सु. ९८% जमीन १९५५ नंतर पाण्याखाली गेली. तेथील मूळ अमेरिकन रहिवाशांना २०२२ पासून सु. ६५ किमी. उत्तरेस नव्या वस्तीत घरे मिळू लागली. मात्र पूर्वजांच्या दफनभूमी, मासेमारी व परस्परांचा शेजार यांची भरपाई घर देऊन होत नाही. अशा स्थलांतराचा निर्णय रहिवाशांच्या सहभागाने व संकट येण्यापूर्वीच व्हावयास हवा.

बदलते हवामान : समुद्राची सरासरी पातळी १९०० पासून सु. २० सेंमी. वाढली आहे व तितक्या प्रमाणात प्रत्येक उधाणाचा आरंभ वरच्या पातळीवरून होतो. तापमान १° से. वाढल्यास हवेची बाष्पधारणशक्ती सु. ७% वाढते, त्यामुळे पावसाचे मानही वाढते. काही वादळे अल्पावधीत उग्र रूप धारण करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस हे सामान्य वादळ सु. एका दिवसात पाचव्या वर्गाचे हरिकेन बनून मेक्सिकोतील आकापुल्कोवर आले. अशा वेळी घर सोडण्यास पुरेसा अवधी मिळत नाही आणि म्हणून वसतिस्थानाच्या मूळ निवडीचे महत्त्व आणखी वाढते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तीव्र चक्रीवादळे बंगालच्या उपसागराच्या मानाने क्वचित येतात. तथापि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी सु. ११० किमी. वेगाच्या वाऱ्यांसह रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन–दिवेआगर परिसरात येऊन घरांची छपरे व नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. कोकणात खाडीकाठची सखल जमीन व डोंगरपायथ्याची वस्ती या दोहोंसही अतिवृष्टीचा धोका असतो. त्यामुळे अटलांटिकच्या किनाऱ्यावर मोठी किंमत देऊन मिळालेला अनुभव येथेही उपयोगी आहे. वादळ अडविता येत नाही. त्याच्या मार्गात काय ठेवावयाचे, हे मात्र बरेच अंशी माणसाच्या हाती असते.